तारकीय व्यतिकरणमापन

एकाच ताऱ्याचा प्रकाश परस्परांपासून दूर असलेल्या दोन वा अधिक ठिकाणी ग्रहण करून व तो एकत्र आणून, मिळणाऱ्या व्यतिकरणाच्या (तरंगांच्या परस्परांवरील परिणामाच्या) अभ्यासाने त्या ताऱ्याचा कोनीय व्यास, म्हणजे निरीक्षकाच्या डोळ्याशी ताऱ्याच्या बिंबाने केलेला कोन, मोजण्याच्या पद्धतीस तारकीय व्यतिकरणमापन म्हणतात. ज्या उपकरणाने हे मापन केले जाते त्यास तारकीय व्यतिकरणमापक असे नाव आहे. मोठ्यात मोठ्या दूरदर्शकातूनही (दुर्बिणीतूनही) बहुतेक सर्व तारे बिंदुवतच दिसतात. त्यामुळे सूर्य सोडून इतर ताऱ्यांचे आकारमान दीर्घकाळ केवळ अनुमानाचाच विषय राहिले होते. ते प्रत्यक्ष मोजता येऊ लागले ते १९२० मध्ये व याच पद्धतीने.

मापनातील अडचण : ताऱ्यांचे कोनीय व्यास अत्यंत लहान असतात. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांपैकी मित्र (आल्फा सेंटॉरी) हा तारा सु. ४·४ प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्य तेवढ्या अंतरावर नेऊन ठेवल्यास त्याचा कोनीय व्यास केवळ ०·००७ सेकंद भरेल (१ अंश = ३,६०० सेकंद). सु. ७४० किमी. अंतरावर ठेवलेले २·५ सेंमी. व्यासाचे नाणे एवढाच कोन करते. याउलट, पृथ्वीच्या वातावरणातील खळबळीमुळे ताऱ्याची दूरदर्शकातील प्रतिमा सामान्यतः सु. १ सेकंदाइतकी पसरट होते. वातावरण पूर्णपणे शांत असते, तरीही प्रकाशाच्या विवर्तनामुळे (अडथळ्याच्या वा छिद्राच्या कडेशी तरंग वळण्यामुळे) बिंदुवत उगमाची प्रतिमाही एका लहानशा चकतीसारखी दिसते. २·५ मी. व्यासाच्या आरशाच्या बाबतीत या चकतीची कोनीय त्रिज्या सु. ०·०५ सेकंद येते. म्हणजे दूरदर्शकात दिसणारी ताऱ्याची चकती ही ताऱ्याची नसून दूरदर्शकाची व वातावरणाची असते.

ही गोष्ट लक्षात येण्यापूर्वी या आभासी चकतीने ज्योतिषशास्त्रात मोठा गोंधळ माजविला होता. ट्यूको ब्राए (१५४६–१६०१) यांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या वेधांवरून पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांचा भासमान व्यास सु. २ मिनिटे ठरविला होता. कोपर्निकस यांच्या मताप्रमाणे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर ताऱ्यांचे पराशय (पृथ्वीच्या कक्षीय गतीमुळे होणारे भासमान स्थानांतर) दिसावयास हवेत. ते दिसत नाहीत, त्या अर्थी तारे अतिशय दूर असले पाहिजेत. आणि इतक्या दूर असूनही ते एवढे मोठे दिसत असतील, तर पृथ्वीच्या संपूर्ण कक्षेएवढे वा त्याहूनही मोठे तारे आहेत असे मानावे लागेल. हा निष्कर्ष ट्यूको यांना असंभाव्य वाटला आणि सूर्यकेंद्री मताविरुद्धचा तो एक बिनतोड आक्षेप समजला गेला. गॅलिलीओ यांनी १६३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, टांगलेल्या दोरीआड तारा झाकला जाईल असे अंतर शोधून त्याचा व्यास मोजण्याची रीत सांगितली आणि पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांचा व्यास सु. ५ सेकंद असल्याचे म्हटले. हे मूल्यही प्रत्यक्षाहून शेकडो पटींनी जास्त होते. वर्तुळाकार छिद्रातून गेलेल्या प्रकाशाची चकती का व केवढी बनते, याचे गणिती स्पष्टीकरण जी. बी. एअरी यांनी १८३५ मध्ये दिल्यावर या चकतीचे खरे स्वरूप स्पष्ट झाले.

तत्त्व : दूरदर्शकाच्या तोंडावर झाकण बसवून त्यात परस्परांपासून काही अंतरावर दोन लहान छिद्रे ठेवली, तर त्यांतून येणारे प्रकाशझोत नाभीपाशी एकत्र येतात आणि ताऱ्याच्या प्रतिमेवर एकाआड एक तेजस्वी व काळे पट्टे उमटतात. दोन्ही झोतांतील तरंगांचे उंचवटे जेथे एकत्र येतात तेथे प्रकाश वाढतो; एकाचा उंचवटा व दुसऱ्याचा खळगा जेथे एकत्र येतात तेथे प्रकाश नाहीसा होतो. लगतच्या दोन तेजस्वी पट्ट्यांमधील कोनीय अंतर प्रकाशाची तरंगलांबी भागिले छिद्रांमधील अंतर एवढे असते. छिद्रांमधील या अंतरास आधाररेषा म्हणतात.

तारा केवळ बिंदू असेल, तर आधाररेषा कितीही वाढविली तरी पट्टे स्पष्टच राहतील. परंतु ताऱ्याला बिंब असेल, तर बिंबाच्या प्रत्येक बिंदूपासून येणारा प्रकाश आपापले स्वतंत्र पट्टे निर्माण करतो. बिंबाच्या एका कडेकडील बिंदूचे पट्टे दुसऱ्या कडेकडील बिंदूच्या पट्ट्यांच्या मानाने किंचित सरकलेले असतात. आधाररेषा वाढवीत नेल्यास पट्टे अधिकाधिक अरुंद होत जातात व सरकण्याचे प्रमाण पट्ट्यांच्या रुंदीशी तुल्य होऊ लागते. एकाचे काळे पट्टे दुसऱ्याच्या तेजस्वी पट्ट्यांनी भरून निघतात आणि पट्ट्यांचा उठाव कमी होत जाऊन एका विशिष्ट आधाररेषेस ते संपूर्ण नाहीसे होतात. सर्वत्र सारख्याच तेजाच्या वर्तुळाकार बिंबाच्या बाबतीत ही स्थिती येते तेव्हा ताऱ्याचा कोनीय व्यास (अरीयमानात) = १·२२ × तरंगलांबी ÷ आधाररेषा (१ अरीयमान = सु. २,०६,२६५ सेकंद) हे सूत्र लागू पडते.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, ताऱ्याची प्रतिमा मोठी करून पाहण्याचा प्रयत्न तीत केला जात नाही. पट्टे कोणत्या अंतरास नाहीसे होतात एवढेच पाहावयाचे असते. वातावरणाच्या खळबळीमुळे पट्टे थरथरतात, परंतु खळबळ मर्यादित असेल तर अनुभवी निरीक्षकाला ते आहेत की नाहीत हे ओळखता येते. तसेच दोन छिद्रांमधील भाग भरून काढणाऱ्या प्रचंड आरशाची गरज राहत नाही. लहान आरसे एकमेकांपासून दूर ठेवले म्हणजे पुरते.

प्रारंभीचे प्रयत्न : ही कल्पना फ्रेंच भौतिकीविज्ञ आर्मां फीझो (१८१९–९६) यांनी १८६८ मध्ये मांडली. तिला अनुसरून एद्वार स्टेफान यांनी मार्से येथील वेधशाळेतील ८० सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकातून अनेक तेजस्वी ताऱ्यांचे वेध घेतले. सर्व ताऱ्यांचे पट्टे स्पष्ट दिसत राहिले. त्यावरून ताऱ्यांचे कोनीय व्यास ०·१५८ सेकंदाहून पुष्कळच कमी असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी १८७४ मध्ये जाहीर केला. व्यास मिळाला नसला, तरी त्याची एक वरची मर्यादा निश्चित झाली आणि यापेक्षा लांब आधाररेषा लागेल हेही कळले.

अमेरिकन भौतिकीविज्ञ ए. ए. मायकेलसन (१८५२–१९३१) यांनी १८९० मध्ये या पद्धतीची स्वतंत्रपणे तपशीलवार मांडणी केली व पुढील वर्षी लिक वेधशाळेत गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांचे व्यास तिच्या साहाय्याने मोजले. ताऱ्यांकडे ते वळले त्याला मात्र आणखी जवळजवळ तीस वर्षे जावी लागली.

काक्षीचा व्यास : कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत २·५ मी. व्यासाचा परावर्ती दूरदर्शक १९१७ मध्ये तयार झाला होता. मायकेलसन यांच्या योजनेनुसार या दूरदर्शकाच्या तोंडावर ६ मी. लांबीची पोलादी तुळई आडवी बसविण्यात आली. तिच्यावर १५ सेंमी. व्यासाचे चार सपाट आरसे होते. बाहेरचे दोन आरसे तुळईवर सरकविता येत व ताऱ्याचा प्रकाश ते आतील दोन स्थिर आरशांकडे पाठवीत. तेथून तो दूरदर्शकात जाई. अशा रीतीने दूरदर्शकाच्या आरशाहून लांब आधाररेषा मिळाली. मुख्य अडचण होती ती दोन्ही झोतांच्या मार्गांची लांबी समान ठेवण्याची. या लांबीत प्रकाशाच्या काही तरंगलांब्यांएवढा फरक पडला तरी पट्टे दिसत नाहीत. तेव्हा पट्टे ताऱ्याच्या आकारमानामुळे नाहीसे झाले की उपकरणाच्या दोषामुळे, हे ठरविण्यासाठी लहान व्यासाच्या इतर ताऱ्यांचे वेधही त्याच जुळणीत घ्यावे लागत.

१३ डिसेंबर १९२० च्या रात्री एफ्. जी. पीझ यांना मृग नक्षत्रातील काक्षी या तांबड्या ताऱ्याचे पट्टे ३·०७ मी. आधाररेषेस नाहीसे झाल्याचे आढळले. इतर ताऱ्यांचे पट्टे मात्र स्पष्ट दिसत होते. काक्षीच्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी ५७५ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) धरून वरील सूत्राने तिचा कोनीय व्यास ०·०४७ सेकंद आला. ए. एस्. एडिंग्टन यांनी त्याच वर्षी ताऱ्याची दीप्ती व वर्ण यांवरून गणिताने वर्तविलेले मूल्य ०·०५१ सेकंद होते. सिद्धांत व मापन यांचा हा मेळ ताऱ्यांच्या भौतिकीस मोठाच आधार देणारा ठरला. कारण काही तारे सूर्याहून शेकडो पटींनी मोठे असले पाहिजेत, हे तोवर केवळ अनुमान होते. काक्षीच्या अंतराविषयी अजूनही अनिश्चितता असून ते सु. ५०० ते ७०० प्रकाशवर्षे मानले जाते. त्यानुसार काक्षी सूर्याच्या जागी ठेवल्यास तिचा पृष्ठभाग मंगळाच्या कक्षेपलीकडे जाईल. पृथ्वीच्या कक्षेहून मोठा तारा असणे ट्यूको यांना असंभाव्य वाटले होते. त्यांचे व्यासाचे आकडे चुकीचे होते, पण असे तारे मात्र खरोखरच आहेत.

यानंतर ज्येष्ठा (०·०४० सेकंद), स्वाती (०·०२० सेकंद), रोहिणी (०·०२० सेकंद), मीरा इ. ताऱ्यांचे व्यास याच उपकरणाने मिळाले. हे सर्व तांबडे वा नारिंगी महातारे होत. व्याध, अभिजित यांसारख्या तप्त, शुभ्र ताऱ्यांसाठी बरीच लांब आधाररेषा आवश्यक होती. त्यासाठी पीझ यांनी १५ मी. लांबीच्या तुळईचे उपकरण उभारले. परंतु तुळईचे लवणे व वातावरणाची खळबळ यांमुळे त्यापासून विश्वसनीय मूल्ये मिळू शकली नाहीत व १९३० नंतरच्या दशकात ते काम बंद पडले.

तीव्रता व्यतिकरणमापक : ही कोंडी रेडिओ ज्योतिषशास्त्राने फोडली. आर. हॅनबरी ब्राउन (१९१६–२००२, जन्म निलगिरीतील अरुवनकाडू येथे) व गणितज्ञ आर. क्यू. ट्विस यांनी प्रकाशतरंग एकत्र न आणताच व्यास मोजण्याची युक्ती शोधून काढली. ताऱ्याच्या प्रकाशाची तीव्रता क्षणोक्षणी अत्यल्प प्रमाणात कमीजास्त होत असते. दोन आरशांवर पडणाऱ्या प्रकाशातील हे चढउतार आरसे जवळ असताना एकमेकांशी जुळतात व आधाररेषा वाढवीत नेल्यास ही जुळणी, म्हणजे सहसंबंध, कमी होत जातो. तो किती वेगाने कमी होतो यावरून कोनीय व्यास काढता येतो. प्रत्येक आरशाच्या नाभीपाशी प्रकाशविद्युत् नलिका बसवून मिळणारे विद्युत् प्रवाह तारेने एकत्र आणले म्हणजे काम भागते. मार्गांच्या लांबीत काही सेंमी. फरक पडला तरी चालतो आणि वातावरणाच्या खळबळीचाही अडथळा होत नाही.

१९५६ मध्ये ही कल्पना प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर कडक टीका झाली. प्रकाश कणरूपाने शोषला जातो. तेव्हा दूर अंतरावरील दोन नलिकांत कण जोडीने का यावेत, असा आक्षेप होता. काही प्रयोगशाळांतील प्रयोगांत असा सहसंबंध आढळलाही नाही. त्या प्रयोगांची संवेदनक्षमता अपुरी होती, हे पुढे दाखविण्यात आले आणि ई. एम्. पर्सेल यांनी बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीनुसार असा सहसंबंध अपेक्षितच असल्याचे स्पष्ट केले. दरम्यान हॅनबरी ब्राउन व ट्विस यांनी इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे १९५५–५६ च्या हिवाळ्यात शोधदीपांचे १·५६ मी. व्यासाचे दोन जुने आरसे वापरून व्याधाचे वेध घेतले होते. व्याध तेथून क्षितिजापासून २० अंशांहून वर येत नाही व उपयुक्त वेध एकूण केवळ १८ तासांचेच झाले. तरीही त्याचा व्यास सु. ०·००७ सेकंद असल्याचे त्यावरून दिसून आले.

या यशानंतर ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे मोठा तीव्रता व्यतिकरणमापक उभारण्यात आला. १८८ मी. व्यासाच्या वर्तुळाकार लोहमार्गावर फिरणारे ६·५ मी. व्यासाचे दोन परावर्तक त्यात होते व प्रत्येक परावर्तक २५२ षट्‌कोनी आरशांचा बनविलेला होता. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ३२ ताऱ्यांचे कोनीय व्यास देण्यात आले. त्यांपैकी काही असे : अगस्त्य ०·००६६, व्याध ०·००५९, प्रश्वा ०·००५५, अभिजित ०·००३२, श्रवण ०·००३०, राजन्य ०·००२६, मघा ०·००१४ व चित्रा ०·०००९ सेकंद. यांवरून व्याधाचा व्यास सूर्याच्या सु. १·७ पट व अभिजितचा सु. २·७ पट येतो. या पद्धतीत उपयुक्त संकेत अत्यंत क्षीण असल्याने २·५ प्रतीहून मंद तारे तिच्या आवाक्याबाहेर राहिले व जास्त तापमानाच्या ताऱ्यांनाच ती सोयीची ठरली.

आधुनिक प्रगती : फ्रान्समधील ए. लाबेरी यांनी १९७४ मध्ये नीस येथे १२ मी. अंतरावरील दोन स्वतंत्र दूरदर्शकांतून आलेला अभिजितचा प्रकाश एकत्र करून पट्टे मिळविले. त्यामुळे मायकेलसन यांची मूळ पद्धत पुन्हा पुढे आली. लेसरच्या साहाय्याने अंतरांचे अचूक मापन, संगणकाचे नियंत्रण व जलद प्रकाश-अभिज्ञातक (प्रकाशाचे अस्तित्व ओळखणारे साधन) यांमुळे पीझ यांना जाणवलेल्या अडचणी दूर झाल्या. रुळांवर पुढेमागे सरकणाऱ्या आरशांनी एका झोताचा मार्ग सतत लांब-आखूड करून दोन्ही मार्ग समान राखता येतात. तीन दूरदर्शक वापरल्यास तिन्ही जोड्यांच्या पट्ट्यांच्या कलांची (तरंगातील स्थितींची) बेरीज घेता येते व तीमधून वातावरणाने घडविलेले बदल परस्पर वजा होतात. रेडिओ ज्योतिषशास्त्रातून आलेल्या या युक्तीमुळे केवळ व्यासच नव्हे, तर ताऱ्याच्या बिंबाची प्रतिमाही तयार करता येऊ लागली.

माउंट विल्सन येथेच १ मी. व्यासाचे सहा दूरदर्शक असलेला व्यतिकरणमापक असून त्याची कमाल आधाररेषा सु. ३३० मी. आहे. चिलीतील पारानाल पर्वतावर ८·२ मी. व्यासाच्या चार स्थिर व १·८ मी. व्यासाच्या चार चल दूरदर्शकांचा प्रकाश एकत्र आणण्याची सोय आहे; तेथील पहिले वेध २००१ मध्ये घेण्यात आले. अशा उपकरणांनी तारे नेहमी गोल असतात ही समजूतही दूर केली. सु. ९ तासांत स्वतःभोवती एक फेरी करणारा श्रवण हा तारा विषुववृत्ताशी फुगलेला व तेथे तुलनेने थंड असल्याचे २००७ मधील प्रतिमेत दिसून आले. अग्रनद ताऱ्याचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासाच्या दीडपटीहून किंचित जास्त असल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले. पुढील वेधांचा विचार करून २०१४ मध्ये हे प्रमाण सु. १·३५ पट ठरविण्यात आले. पट्ट्यांवरून काढलेला व्यास ताऱ्याच्या बिंबाविषयी काय गृहीत धरले आहे यावर अवलंबून असतो, हे यावरून लक्षात येईल. बिंब कडेकडे मंद होत जात असल्याने, सर्वत्र सारखे तेज धरून आलेल्या मूल्यातही थोडी वाढ करावी लागते.

महत्त्व : कोनीय व्यास व अंतर माहीत असल्यास ताऱ्याचे प्रत्यक्ष आकारमान मिळते. पृथ्वीवर येऊन पोहोचणारी ताऱ्याची एकूण ऊर्जा व त्याचा कोनीय व्यास यांवरून ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान काढता येते व त्यासाठी अंतर माहीत असण्याचीही गरज नसते. वर्णपटावरून तापमान ठरविण्याच्या इतर रीतींची कसोटी याच मूल्यांवर लागते. सेफीड प्रकारच्या स्पंद पावणाऱ्या ताऱ्यांचा व्यास ठराविक कालावधीत कमीजास्त होतो. मिथुन राशीतील झीटा ताऱ्याच्या बाबतीत हा बदल २००० मध्ये प्रत्यक्ष मोजण्यात आला. वर्णपटावरून कळणाऱ्या पृष्ठभागाच्या वेगाशी त्याची सांगड घालून ताऱ्याचे अंतर मिळते व दीर्घिकांच्या अंतरांची मोजपट्टी तपासता येते. परताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या आकारमानालाही हाच आधार आहे. कारण ग्रह ताऱ्यासमोरून जाताना झाकला जाणारा प्रकाश ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या व्यासाच्या किती अंश आहे एवढेच सांगतो.

चंद्रबिंबाआड जाताना ताऱ्याचा प्रकाश कसा मावळतो याच्या जलद नोंदीवरूनही कोनीय व्यास मिळतो. भारतात अहमदाबादच्या भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेने अबू पर्वतावरील गुरुशिखर येथील १·२ मी. दूरदर्शकाने या पद्धतीने अवरक्त किरणांत अनेक वेध घेतले आहेत. चंद्राच्या मार्गात येणाऱ्या ताऱ्यांपुरतीच ही पद्धत मर्यादित असल्याने ती व्यतिकरणमापनास पूरक ठरते.

तीव्रता व्यतिकरणमापनही अलीकडे पुन्हा उपयोगात आले आहे. अ‍ॅरिझोनातील १२ मी. व्यासाचे चार दूरदर्शक गॅमा किरणांच्या अभ्यासासाठी उभारलेले असून चांदण्या रात्री ते काम थांबते. अशा रात्रींचा उपयोग करून २०१९ मध्ये बीटा कॅनिस मेजॉरिस व मृगाच्या पट्ट्यातील मधला तारा यांचे व्यास मोजण्यात आले. हे दोन्ही तारे नॅराब्राय येथे पूर्वी मोजलेल्या ताऱ्यांपैकीच असून नवीन मूल्ये जुन्या मूल्यांशी जुळणारी आढळली.